एक स्पीकरजोडी, दोन अ‍ॅम्प: स्विच बॉक्स नकोच

सोल्डर_आणि_चहा (धागाकर्ता)
आमच्या हॉलमध्ये स्पीकरची जोडी एकच, अ‍ॅम्प (स्पीकर वाजवणारे अ‍ॅम्प्लिफायर) दोन. सकाळी आई काकांच्या जुन्या व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्यांच्या) अ‍ॅम्पवर नाट्यगीतं ऐकते, संध्याकाळी टीव्हीसाठी दुसरा, म्हणजे रिसीव्हर, लागतो. तपकीर गल्लीतून स्पीकरचे जोड बटणांनी बदलणारा स्विच बॉक्स आणला आणि आठवड्यात काढून ठेवला. माझं मत पक्कं झालंय: हे खोके वापरू नका. बहुतेक बॉक्स एका अ‍ॅम्पवर दोन-तीन जोड्या वाजवायला केलेले असतात. उलटे, म्हणजे दोन अ‍ॅम्प एका जोडीला, जोडले तरी चालतात, पण दोन बटणं एकदम दाबली गेली की दोन्ही आउटपुट एकमेकांना भिडतात. स्पीकर ८ ओहमचा, तर ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पच्या आउटपुटचा रोध बहुधा एक ओहमही भरत नाही. दुसऱ्या अ‍ॅम्पला तो जवळजवळ शॉर्टच. तारांना बनाना प्लग (खोचायच्या पिना) लावा, दोन्ही अ‍ॅम्प बंद करा, हाताने बदला.

तारसप्तक
साफ असहमत. बटणांचा दोष तुम्ही स्विचच्या माथी मारताय. हाताने बदलणं सुरक्षित? दिवाळीत पाहुणे आलेले, घाईत मी प्लग उपसला आणि अ‍ॅम्प चालूच राहिला. लाल आणि काळा दोन्ही प्लग लोखंडी रॅकला टेकले. टक् असा आवाज, मग जळका वास, डावा चॅनल गेला. माणूस विसरतो. चार पोलचा (म्हणजे चारही तारा एकदम बदलणारा), दोन बाजूंचा, मध्ये ‘ऑफ’ असलेला स्विच घ्या. जुना जोड सुटल्याशिवाय नवा जुळतच नाही. १०० वॅटला ८ ओहमवर साडेतीन अ‍ॅम्पियर, ४ ओहमवर ५ अ‍ॅम्पियर जातात, म्हणून १० अ‍ॅम्पियरचा घ्या.

कोकणकडा
चार पोल कशाला? काळ्या तारा सगळ्या ग्राउंडलाच जातात. त्या एकत्र बांधा, फक्त लाल बदला. दोन पोलमध्ये काम होतं, मी वर्षानुवर्षं असंच वापरतोय.

तारसप्तक
@कोकणकडा, तुमचे दोन्ही अ‍ॅम्प जुन्या पद्धतीचे असतील म्हणून निभावलंय. टीपीए ३११६ चिपवाले छोटे क्लास-डी अ‍ॅम्प बघा. त्यात स्पीकरची काळी तारसुद्धा ग्राउंडला नसते, दोन्ही तारांवर सप्लायच्या निम्मा व्होल्टेज असतो. ती काळी तार दुसऱ्या अ‍ॅम्पच्या ग्राउंडला बांधलीत की चिपचं आउटपुट सरळ शॉर्ट. कृपया हा सल्ला नवख्यांना देऊ नका.

सोल्डर_आणि_चहा
चार पोलचं मान्य. पण तुमचा मधला ‘ऑफ’ माझ्या अ‍ॅम्पचा घात करेल. व्हॉल्व्हवाल्याला आउटपुट ट्रान्सफॉर्मर असतो. स्पीकर सुटलेला असताना गाणं चालू राहिलं तर त्याच्या प्रायमरीत (व्हॉल्व्हकडच्या वेटोळ्यात) व्होल्टेज उसळतो, आत ठिणगी पडू शकते. असा ट्रान्सफॉर्मर गुंडाळून देणारा कारागीर आता शोधून सापडत नाही.

तारसप्तक
हा मुद्दा रास्त. व्हॉल्व्ह अ‍ॅम्पच्या टर्मिनलवर, स्पीकर सुटलेला असताना, प्रत्येक चॅनलला ८ ओहमचा जाड वायरवाउंड रेझिस्टर यावा, अशी सोय दुसऱ्या स्विचने करता येते. आवाज जोरात ठेवत असाल तर अ‍ॅम्पच्या पूर्ण वॅटेजचा घ्या, छोटा तापून जळतो.

मृगनक्षत्र
तुम्ही दोघं स्पीकरच्या तारांत अडकलात. रिसीव्हरला प्री-आउट (दुसऱ्या अ‍ॅम्पला द्यायचं कमी ताकदीचं आउटपुट) आहे का? असेल तर तिथून व्हॉल्व्ह अ‍ॅम्पच्या ऑक्स इनपुटला तार न्या, व्हॉल्यूमवर खूण करून ठेवा. स्पीकर कायम एकाच अ‍ॅम्पला. बदलायचं काहीच नाही.

सोल्डर_आणि_चहा
प्री-आउट आहे. पण मग रात्रीच्या बातम्यांसाठीही व्हॉल्व्ह तापवायचे? आणि ती खूण घरातल्या पोरांनी हलवली की पहिल्याच जाहिरातीला स्पीकर फाटेल. चार पोलचा स्विच बसवेन, पण आधी व्हॉल्व्ह अ‍ॅम्प बंद, मगच दांडी फिरवायची. आईला तसं शिकवलंय. बटणवाला बॉक्स मात्र माळ्यावरच राहील.