धावून आल्यावर पोहे, आणि पोह्यांवर जलेबी: तुमचं कसं चाललंय?

धागा सुरू करणारी, राजेंद्रनगर

दसऱ्यापासून आम्ही आठ-दहा जण सकाळी पिपल्यापाल्याच्या रीजनल पार्कपाशी जमतो. आठवड्यातून चार दिवस, पाच-पाच किलोमीटर. धावणं संपलं की कुणीतरी म्हणतंच, "चला, पोहे." इंदुरात याला नाही म्हणायची सोय आहे का? उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर वाफेला ठेवलेले पिवळेधमक पोहे, वर शेव, कांदा, जीरावन मसाला, आणि शेजारच्या कढईतून पाकात पडणारी जलेबी. पोहे वाफेचे, त्यात तेल ते कितीसं, अशी मी मनाची समजूत घालत होते. संक्रांतीला वजन केलं तर दोन किलो वाढलेलं.

मग कागद घेऊन बसले. धावताना वजनाच्या दर किलोमागे, दर किलोमीटरला साधारण १ कॅलरी खर्च होते. माझं वजन ६२, म्हणजे पाच किलोमीटरच्या झाल्या तीनशेच्या आसपास. तेवढं तर शंभर ग्रॅम जलेबीतच परत येतं, पोहे-शेव वेगळे. आईला हिशेब दाखवला तर म्हणाली, "मग पळतेस कशाला? घरी बसूनच खा की."

आता ठेल्याचा वार ठरवलाय, रविवार. बाकी दिवस मुगाचं धिरडं नाहीतर दोन अंडी आणि पोळी. मंगळवारी वास आला की पाय वळतात, ते सोडून द्या. तुमचं कुठे जमलं, कुठे फसलं, लिहा. उपदेश नको, घडलेलं सांगा.

लोकमान्यनगर, वय ५८

माझी तऱ्हा उलटी. मी न खाऊन फसलो. मधुमेह जुना. सकाळी उठून ग्लिमेपिराइडची, म्हणजे साखर उतरवणारी, गोळी घ्यायची, नेहरू स्टेडियमला जायचं, घरी येऊन मग नाश्ता. चालत होतो तोवर निभावलं. धावायला लागलो आणि एका सकाळी तिसऱ्या फेरीला गार घाम फुटला, हात थरथरायला लागले. सोबतचा मित्र बोलतोय एवढं दिसत होतं, शब्द लागत नव्हते. मी त्याच्यावर खेकसलो म्हणे. मला काही आठवत नाही. त्यानं बाकावर बसवून टपरीवरून साखरेचं पाणी आणून पाजलं. घरी येऊन मशीनवर रक्तातली साखर पाहिली तर ६४, आणि तेही साखर पोटात गेल्यावर.

डॉक्टरांनी गोळी नाश्त्याला जोडून दिली. आता निघण्याआधी तपासतो. शंभरच्या खाली असेल तर काहीतरी खाल्ल्याशिवाय बूट घालत नाही. खिशात ग्लुकोजची पुडी असते. थरथर जाणवली की १५ ग्रॅम ग्लुकोज, १५ मिनिटं थांबायचं, परत तपासायचं. ही माझी व्यवस्था, तुमची गोळी दुसरी असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारूनच. मी निघताना बायको खिशाची झडती घेते, हा एक नवा जाच.

विजयनगर, वय २७, आयटीवाली

काका, मीही न खाणाऱ्यांतलीच. हाफ मॅरेथॉन करायची होती, २१ किलोमीटर, आणि जोडीला 'बारीक व्हायचं'. भात बंद, रात्री नुसतं सूप. पहिला महिना छान वाटलं. मग सुपर कॉरिडोरच्या रस्त्यावर सात किलोमीटरलाच पायांत शिसं ओतल्यासारखं व्हायला लागलं. जिना चढताना धाप, कंगव्यात केसांचा पुंजका, आणि दोन महिने पाळीच नाही. मला वाटलं सराव कमी पडतोय, म्हणून अजून धावले. शहाणपणाची कमाल!

हिमोग्लोबिन निघालं ९.४. आहारतज्ज्ञ बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "जेवण झाल्या झाल्या चहा घेता का?" घेत होते, रोज दोन्ही वेळा. चहातल्या टॅनिनमुळे जेवणातलं लोह अंगी लागत नाही, हे तेव्हा कळलं. गोळ्या सुरू झाल्या, चहा जेवणानंतर तासाभराने, मेथी-पालकावर लिंबू पिळायचं, आणि भात परत ताटात. पाच महिन्यांनी १२.१. पाळी मात्र नीट खायला लागल्यावर दुसऱ्याच महिन्यात आली. बाईंचं म्हणणं, शरीराला पुरेसं मिळत नसलं की ते आधी तेच खातं बंद करतं.

सुदामानगर

चहा तासाभराने?? ताई, त्यापेक्षा धावणं सोडणं सोपं.

रामबाग, वय ३४

माझी गोष्ट जरा लाजिरवाणी आहे. रविवारी १६ किलोमीटर धावायचं होतं. कुठेतरी वाचलं, आदल्या रात्री कर्बोदकं भरपूर घ्यावीत. शनिवारी रात्री साडेअकराला मित्रांबरोबर सराफ्यात, रात्रीच्या खाऊगल्लीत. गराडू म्हणजे कंदच ना, म्हणजे कर्बोदकंच, असा विचार करून दोन प्लेट हाणल्या. तळलेला, वर जीरावन, लिंबू. मग भुट्ट्याचा कीस. मग 'आलोच आहोत तर' म्हणून गरम गुलाबजाम.

सुपर कॉरिडोरवर नवव्या किलोमीटरला पोटानं हाक मारली. तो रस्ता ज्यांनी पाहिलाय त्यांना कळेल: रुंद, सरळ, आडोसा म्हणून नाही. पुढचं दीड किलोमीटर मी आयुष्यात सगळ्यांत जपून चाललो. पेट्रोल पंपावरच्या पोरानं माझा चेहरा बघितला आणि न विचारताच बोट दाखवलं, "उधर, भिया."

तेलकट पोटात रेंगाळतं आणि धावताना रक्त पायांकडे धावतं, आतडी बिचारी उपाशी, हे नंतर समजलं. आता शनिवारी रात्री आठला मऊ मुगाची खिचडी, मेतकूट, बस. कोशिंबीर, राजमा नाही. सकाळी निघायच्या तासभर आधी एक केळं. दीड तासाच्या वर धावायचं असेल तर खजूर आणि मीठ-साखरेचं लिंबूपाणी बरोबर. सराफा सोडलेला नाही, फक्त बुधवारी हलवलाय.

स्नेहलतागंज, वय ५१

मी धावत नाही. नवरा धावतो, आणि त्याचं खाणं माझ्या ओट्यावर होतं, म्हणून लिहिते. कुणीतरी त्याला सांगितलं की वजनाच्या किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिनं हवीत. ह्याचं वजन ७०, म्हणजे रोज ८४ तरी. लगेच पावडरचा डबा आणायला निघाला. मी म्हटलं, थांबा, आधी ताटात किती आहे ते बघू. आमचं वरण पातळ, वाटीत सहा ग्रॅम आले तर नशीब. मग वरण घट्ट केलं, मोडाच्या मटकीची उसळ रोज, शंभर ग्रॅम पनीर म्हणजे अठराएक ग्रॅम, दूध-दही आणि दोन अंडी. डबा आला नाही.

अंड्यांचा तवा वेगळा. सासूबाईंना तो ओट्यावर चालत नाही, तो गॅलरीत टांगलेला असतो. एकादशीला हा साबुदाण्यावर धावायला निघायचा. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, अकराला घरात फतकल मारून बसायचा. आता त्यात दाण्याचं कूट मूठभर जास्त, वर वाटीभर दही.

एवढं करून पहाटे साडेचारला उठून केळं सोलून द्यायचं काम माझ्याकडे होतं. ते मी बंद केलं. केळं सोलता येत नसेल तर १६ किलोमीटर काय धावणार?

धागा सुरू करणारी

काकू, रविवारी या की! नाही धावलात तरी चालेल.

स्नेहलतागंज

येईन. पण ह्याच्या प्लेटीतली जलेबी मी मोजणार.