टीबीचा कोर्स संपला, तरी दम लागतो: माहिती असलेल्यांनी लिहा

मुठेकाठी
पावसाळी हवा सुटली की टीबी बरा झालेले पुन्हा खोकायला लागतात आणि घरात घबराट: परत झाला का? आज रांगेत तेच ऐकलं, जुनं सगळं आठवलं, म्हणून धागा. गोळ्यांनी जंतू मरतात, फुफ्फुसात व्रण राहतो. कुठे श्वासनलिका कायमच्या रुंदावून कफ साठतो, कुठे पोकळी राहते. एक्स-रेवरचा डाग आयुष्यभर दिसू शकतो. नुसत्या डागावर पुन्हा गोळ्या सुरू करू नका, बेडका तपासा.

लॅबमधून
आणि बेडक्याच्या एकट्या सीबीनॅट तपासणीवर विसंबू नका. ते मशीन जंतूचा डीएनए शोधतं, मेलेल्या जंतूचाही. आधी टीबी झालेल्याचा रिपोर्ट त्यामुळे उगाच पॉझिटिव्ह येऊ शकतो. कल्चरबद्दल विचारा (त्यात जिवंत जंतू वाढतात का बघतात), लिक्विड म्हणजे द्रवातल्या कल्चरला ४२ दिवसांपर्यंत लागतात. सकाळी चूळ भरून, खोलवर खोकून काढलेला बेडका द्या. नुसती लाळ दिली तर तपासणी वाया.

फिजिओताई
कफासाठी: ताठ बसा. ३-४ सावकाश खोल श्वास, पोट फुगू दे, प्रत्येक श्वास २-३ सेकंद धरा. मग तोंड उघडं ठेवून, चष्म्याच्या काचेवर वाफ सोडतो तसा ‘हाऽऽ’, एकदोनदा. मग साधे श्वास, पुन्हा तेच. १०-१५ मिनिटं, सकाळ-संध्याकाळ, जेवल्यावर लगेच नको. नुसतं जोरजोरात खोकलं की नळ्या मिटतात, कफ आतच राहतो आणि माणूस गळून जातो. थुंकीत रक्त दिसलं तर हे बंद.

सदाशिवपेठ
ताई, पर्वती चढली तर चालेल का? बाबा ऐकतच नाहीत

फिजिओताई
आधी सपाटीवर, बोलता बोलता चालता येईल इतक्याच वेगाने. ते जमलं की पायऱ्या. पायरी चढताना ओठांचा चंबू करून श्वास सोडायचा. काळजी घ्या बाबांची.

नळस्टॉप
आधी स्पायरोमेट्री करा, म्हणजे नळीत फुंकून फुफ्फुसाची ताकद मोजायची तपासणी. नळ्या आखडल्या असतील तर पंपाचा (इनहेलरचा) उपयोग होतो, फुफ्फुसाचं आवरण जाड झालं असेल तर फारसा नाही. सरसकट पंप देणं मला पटत नाही.

रातपाळी
रक्ताचं नीट लिहा कुणीतरी! जुन्या पोकळीत बुरशीचा गोळा धरतो, त्यातूनही रक्त येतं. जास्त येत असेल तर खराब फुफ्फुसाची बाजू खाली करून झोपवा, म्हणजे रक्त चांगल्या बाजूत उतरत नाही. लगेच १०८ ला फोन करून अँब्युलन्स बोलवा.

मुठेकाठी
बरं झालं लिहिलंत. पायाला मुंग्या, जळजळ असेल तर तेही सांगा डॉक्टरांना, आयसोनियाझिड या टीबीच्या गोळीने होतं, बी-६ जीवनसत्त्व त्यासाठीच देतात. इथॅम्ब्युटॉल ही टीबीची दुसरी गोळी चालू असताना लाल-हिरवा रंग फिका वाटला तर त्याच दिवशी डोळे दाखवा. पूर्वी टीबीसाठी देत त्या कानामायसिनच्या इंजेक्शनांनी गेलेलं ऐकू येणं परत येत नाही, श्रवणयंत्र लवकर बघा.

सदाशिवपेठ
वजनासाठी डिंकाचे लाडू चालतात का?

नळस्टॉप
चालतात, पण डाळ, अंडी, दूध रोज हवंच. आणि कोर्सनंतर ६, १२, १८, २४ महिन्यांनी तपासणी असते, ती चुकवू देऊ नका बाबांना.