रात्रीच्या स्लीपरने खरंच पैसे वाचतात का? (सांगली–मुंबई)

विश्रामबागकर

वडिलांच्या पेन्शनच्या कामासाठी गेल्या सहा महिन्यांत सांगली–मुंबई सात फेऱ्या झाल्या. सगळ्या रात्रीच्या ट्रॅव्हल्सने. "रात्री बसायचं, सकाळी उतरायचं, लॉजचे पैसे वाचले" हे मी स्वतः वीस वर्षं लोकांना ऐकवत आलोय. आता माझंच म्हणणं मला पटेनासं झालंय.

मागची फेरी सांगतो. स्लीपरचं तिकीट ७५०, तेही मंगळवार म्हणून. शुक्रवारी हीच गाडी ११०० दाखवते. वेळ साडेनऊची. मिरजेतून भरत भरत पुष्पराज चौकात दहाला आली. मग आष्टा, मग इस्लामपूर (आता ईश्वरपूर म्हणायचं, जिभेला अजून वळण नाही), मग पेठ नाका. प्रत्येक थांब्यावर क्लीनर पडदा सरकवून तोंडावर बॅटरी मारतो, "कराड कोण, कराड?" हायवेला लागून जरा डोळा मिटला की जेवणासाठी हॉटेल. सगळे दिवे लख्ख. जेवलेले असा, नसा, उठायचंच. पुढे खंबाटकीचा बोगदा संपला की ते एस वळण. गाडी अशी कलते की वरच्या बर्थवरचा माणूस आपोआप देवाचं नाव घेतो. कात्रज, नवले पूल, वाकड इथे पुणेकर बॅगा आपटत उतरणार. मी सायनला सव्वासहाला.

ज्या कार्यालयात काम होतं तिथे दुपारी दोननंतरच आत सोडतात. सहा ते दोन काय करायचं? सुलभमध्ये अंघोळ, दोन नाष्टे, चार चहा, रिक्षा, लोकल. चारशे रुपये तिथेच गेले. दोनला खिडकीसमोर उभा राहिलो आणि फॉर्मवर वडिलांच्या जन्मतारखेच्या जागी स्वतःची लिहून मोकळा झालो. कागद परत. आठवी फेरी पुढच्या आठवड्यात. ती न झालेली झोप मला येऊन-जाऊन दीड हजाराला पडली.

माझं मत: जायचं तर महालक्ष्मी एक्स्प्रेसने, म्हणजे रेल्वेने जावं. नाही मिळाली तर दिवसाच्या गाडीने जाऊन एक रात्र मुक्काम करावा. स्लीपर कोच हा गरिबाच्या माथी मारलेला महाग प्रकार आहे.

पेठेतला_पोरगा

काका, राग मानू नका, पण तुमचा वेळ महाग आहे म्हणून तुम्हाला हा हिशेब सुचतो. मी सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून एमपीएससी करतो, घर तासगाव तालुक्यात. मुंबईत परीक्षा असली की आदल्या रात्री बसतो, पेपर देतो, रात्री परत. दादरला एक रात्र राहायचं म्हणजे घरून येणाऱ्या पैशातले आठ दिवस गेले. माझ्या झोपेचं बिल कुणी मला देत नाही, लॉजवाला मात्र रोख मागतो.

विश्रामबागकर

आणि पेपर झोपेत देता त्याचं काय? एका मार्कानं गेलं तर एक वर्ष गेलं. ते धरा की हिशेबात.

पेठेतला_पोरगा

गेलंय एकदा. दीड मार्कानं. पण त्या दिवशी मी रूमवर आठ तास झोपून गेलो होतो.

मिरज_नाइटड्युटी

पुरुष मंडळींचा हिशेब वाचून गंमत वाटली. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, हे या धाग्यात अजून कुणाला आठवलं नाही. मी मिरजेत नर्स आहे, बहीण ठाण्याला. मला लाल गाडी साडेतीनशेच्या आत पडते. २०२५ च्या जानेवारीत जवळपास १५ टक्के भाडेवाढ झाली, ती धरूनही. आता सांगा, कुठला लॉज आणि कुठली महालक्ष्मी?

पण मी स्लीपरने जात नाही ते फक्त पैशामुळे नाही. पडदा ओढल्यावर पलीकडे कोण आहे ते कळत नाही. मधल्या थांब्यावर शेजारच्या बर्थला कोण आलं तेही कळत नाही. एसटीत सगळे बसलेले, समोर दिसणारे, कंडक्टर नावानिशी जबाबदार. पाठ दुखते, पण मान ताठ राहते.

कृष्णाकाठ

ताई, एसटी म्हणजे सुरक्षित हे जरा जपून. २०२५ च्या फेब्रुवारीत पुण्याच्या स्वारगेट स्थानकात एसटीच्याच उभ्या शिवशाहीत एका मुलीवर अत्याचार झाला, ते सगळ्या महाराष्ट्राने वाचलं. ती मुलगीही आपल्याच बाजूला, फलटणला निघालेली.

मिरज_नाइटड्युटी

माहीत आहे. आमच्या वॉर्डात महिनाभर दुसरा विषय नव्हता. ती गाडी रिकामी, अंधारात उभी होती, पहाटेची वेळ. म्हणून मी भरलेल्या गाडीतच चढते आणि उजाडल्यावर उतरेन अशीच गाडी बघते. पहाटे साडेतीनला कात्रजच्या पुलाखाली उतरवणारी गाडी फुकट दिली तरी नको. पुण्यासाठी रात्रीची गाडी हा तर मूर्खपणाच आहे. सव्वादोनशे किलोमीटर, पाच तास. झोप होत नाही आणि पोचल्यावर उजाडतही नाही.

पेठेतला_पोरगा

पुण्याबाबत सहमत. तिथे पहाटे पाचची पहिली गाडीच बरी.

कंदीपेढा_सातारा

तुम्ही सांगलीकर निदान बर्थ तरी मिळवता. आमचं सातारकरांचं ऐका. आमच्यासाठी रात्रीची गाडी निघतच नाही, ती मध्यरात्री जाता जाता आम्हाला उचलते. मुंबईला जायचं तर बॉम्बे रेस्टॉरंट चौकात हायवेच्या कडेला उभं राहायचं. बारा म्हणाले की दीडला येते, आणि तिकीट घेतात कोल्हापूर–मुंबईचं. परत येताना तर कहर. एकदा क्लीनरने उठवलंच नाही, जाग आली तर तासवडे टोलनाका. पहाटे तीनला तिथून साताऱ्याला ट्रकने आलो.

आणि रेल्वेचं कौतुक सांगू नका. आमचं स्टेशन माहुलीला, गावाबाहेर. महालक्ष्मी येते तेव्हा तिथे जायला रिक्षावाला जे मागतो त्यात अर्धी मुंबई होते.

हळदवाला

मार्केट यार्डात माझा गाळा आहे. महिन्यातून दोनदा बेंगळूर करतो, स्लीपरने. संध्याकाळी सौदे आटोपून बसायचं, सकाळी नऊला गिऱ्हाइकाच्या दारात. दिवस मोडत नाही, आणि धंद्यात मोडलेला दिवस सगळ्यात महाग. विश्रामबागकरांचं काम दुपारी दोनला होतं, तर त्यात गाडीचा काय दोष? सकाळी दहाचं काम असतं तर हेच गृहस्थ स्लीपरची आरती ओवाळत बसले असते.

दराचं म्हणाल तर दिवाळीत मीही चिडतो. खासगी गाडीने तशाच प्रकारच्या एसटीच्या दीडपटीपेक्षा जास्त भाडं घेऊ नये, असा शासनाचा निर्णय एप्रिल २०१८ पासून आहे. आरटीओकडे तक्रारही करता येते. पण ॲपवर पहाटे एक भाव, दुपारी दुसरा, रात्री तिसरा. तक्रार लिहायला बसावं तर तेवढ्यात शेवटची सीट जाते. मी तरी कधी केलेली नाही, खोटं कशाला बोलू.

विश्रामबागकर

दोनचा मुद्दा मान्य. दहाचं काम असतं तर एवढा चिडलो नसतो. पण जन्मतारीख तरीही चुकलीच असती.

कृष्णाकाठ

महालक्ष्मीचं स्लीपर तीनशेच्या आसपास, सगळ्यात स्वस्त, पाय पसरून झोप. मग सगळे बसने का जातात? कारण रेल्वेचं बुकिंग ६० दिवस आधी सुरू होतं आणि साहेबाचा फोन दोन दिवस आधी येतो. मे २०२५ पासून वेटिंगवाल्याला स्लीपरच्या डब्यात बसायचीही परवानगी नाही. म्हणजे स्वस्तातलं तिकीट आहे, ते आपल्या वाट्याला नाही, एवढंच. धागाकर्त्यांनी सात फेऱ्यांत किती वेळा महालक्ष्मी मिळवली?

विश्रामबागकर

एकदाही नाही.

बिल्ला_नंबर_विसरलो

एसटीत ३२ वर्षं ड्रायव्हर होतो, त्यातली बरीच रातराणीला. दोन्ही बाजू वाचल्या. पैशावर सगळे बोललात, स्टिअरिंगवरच्या माणसावर कुणीच नाही, म्हणून लिहितो.

रात्री तीन ते पाच ही वेळ वाईट. डोळे उघडे असतात आणि माणूस झोपलेला असतो. पांढरी पट्टी हलायला लागते. त्या वेळेला चहा पिऊन उपयोग नसतो, गाडी बाजूला घेऊन पंधरा मिनिटं पडावंच लागतं. पण मागे चाळीस जण, आणि मालकाचा फोन, "कुठवर आलास?" मोटार परिवहन कामगारांचा १९६१ चा कायदा (२०२५ मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेनं घेतली) आठ तासांचा दिवस सांगायचा. मी अशी पोरं बघितली आहेत जी रात्री मुंबईला जातात, दिवसा डिकीशेजारी सतरंजी टाकून पडतात आणि त्याच रात्री परत गाडी काढतात. १ जुलै २०२३ ला सिंदखेडराजाजवळ समृद्धीवर नागपूर–पुणे गाडी पेटली, २५ माणसं गेली. गाडी दाराच्याच अंगावर पडली होती, बाहेर यायला दारच उरलं नाही. त्याआधी ऑक्टोबर २०२२ मध्ये नाशकात १२ गेले. दोन्ही खासगी, दोन्ही वेळा उजाडायच्या आधी.

लाल गाडीचा टेंभा मिरवत नाही. लाल गाडीत ड्रायव्हर सहसा झोपत नाही, पण प्रवासीही झोपत नाही. विश्रामबागकर, तुमची जन्मतारीख तिथेही चुकली असती.

हळदवाला

काका, मग आम्ही जायचंच नाही का? गाडी घेऊन स्वतः रात्री चालवण्यापेक्षा तर हे बरंच की.

बिल्ला_नंबर_विसरलो

जावा की. स्वतः चालवण्यापेक्षा शंभर पटीनं बरं. फक्त चढताना ड्रायव्हर दोन आहेत का विचारा. एकच असला तर त्याचा चेहरा बघा, चेहऱ्यावर कळतं.

पेठेतला_पोरगा

माझं पुढच्या शनिवारचं बुकिंग करायचंय. बर्थ कुठला घेऊ? वरचा पन्नास रुपयांनी स्वस्त आहे.

बिल्ला_नंबर_विसरलो

पन्नास रुपये जाऊ द्या, खालचा घ्या. वर गाडीचा हेलकावा जास्त लागतो. मागच्या चाकाच्या मागे घेऊ नका, प्रत्येक खड्डा कण्यात जातो. अगदी पुढचा डावीकडचाही नको, कडेला उभे असलेले ट्रक त्याच बाजूला घासतात. मधला खालचा मिळाला तर उत्तम. पाय ड्रायव्हरकडे करून झोपा, डोकं मागे. आणि पडदा ओढायच्या आधी काच फोडायचा हातोडा कुठे टांगलाय तो बघून ठेवा. नसला तर क्लीनरला मागा, सगळ्यांना ऐकू जाईल असा मागा.

मिरज_नाइटड्युटी

आणि पेन दोन न्या. जन्मतारीख घरूनच लिहून न्या.