एक्सोसोम आणि रेबीजच्या विषाणूची वाट

एक्सोसोम म्हणजे स्टेम सेलचंच (ज्यांपासून इतर पेशी बनतात त्या मूळ पेशींचंच) नवं नाव का, असा प्रश्न अनेकांना पडतो. तसं नाही. पेशी प्रथिनं आणि आरएनए (जनुकांतल्या सूचना वाहणारा रेणू) पातळ पडद्यात बांधून ज्या पुड्या बाहेर सोडतात, त्या एक्सोसोम. आकार साधारण ३० ते १५० नॅनोमीटर (मीटरचा अब्जावा भाग म्हणजे एक नॅनोमीटर). पुडी ही जिवंत पेशी नव्हे, ती शरीरात वाढत नाही.

बरीच वर्षं हा पेशीचा केरकचराच समजला जाई. २००७ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवलं की त्यातला आरएनए दुसऱ्या पेशीत जाऊन काम करतो.

मला सगळ्यात विलक्षण वाटतो तो ऑक्सफर्डचा २०११ चा प्रयोग. रेबीजचा विषाणू मेंदूत शिरतो ना, त्याच्याच प्रथिनाचा तुकडा पुडीवर बसवला, आत अल्झायमरशी संबंधित जनुक दाबणारा आरएनए भरला आणि उंदरांच्या शिरेत टोचला. माल मेंदूत पोचला! बहुतेक औषधं रक्त आणि मेंदू यांच्यामधल्या भिंतीशीच अडतात.

पण हे उंदरांमधलं. गुडघ्यासाठी, केसांसाठी एक्सोसोमची इंजेक्शनं विकणाऱ्यांपासून कृपया लांब राहा. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने डिसेंबर २०१९ मध्येच अशा उत्पादनांबद्दल इशारा दिला होता. दोन खेपांमधल्या पुड्या सारख्याच निघतील, हे साधणंच अजून अवघड आहे.