ब्रिकवुड्सचं नाव पुसलं गेलेलं नाही

१९७१ साली व्हिटब्रेड या ब्रिटिश बिअर कंपनीने इंग्लंडच्या पोर्ट्समथ बंदरातली ब्रिकवुड्स ही ब्रुअरी (बिअरचा कारखाना) विकत घेतली आणि शहरातून हे नाव पुसलं गेलं, असं म्हणतात. पहिलं खरं, दुसरं अर्धंच. १८९८ मध्ये पोर्ट्समथ फुटबॉल क्लब काढणाऱ्या मंडळींत ब्रुअरीचे जॉन ब्रिकवुड होते, पहिले अध्यक्षही तेच. मैदानाला खेटून कंपनीचा पबही होता, म्हणजे संघ जिंको की हरो, गल्ला भरणारच!

शिवाय ब्रिटिश आरमाराची फील्ड गन (मैदानी तोफ) स्पर्धा घ्या. जवान जुनी तोफ ओढत पळतात, मध्येच तिचे सुटे भाग करून पुन्हा जोडतात. त्यातली ब्रिकवुड्स ट्रॉफी याच ब्रुअरीची देणगी, १९०७ सालची. ब्रुअरी केव्हाच बंद पडली, ट्रॉफीसाठी मात्र अजून घाम गाळतात.