अनुभव धागा: न विचारता केलेली मदत

२०१९ साली मी दादाला त्याच्या मनाविरुद्ध रुग्णालयात भरती केलं. कारण दारू. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७, कलम ८९: नामनिर्देशित प्रतिनिधी (रुग्णाच्या वतीने बोलणारी व्यक्ती) म्हणून माझा अर्ज, दोन तज्ज्ञांनी वेगवेगळी केलेली तपासणी, जास्तीत जास्त ३० दिवस. कागद चोख होते. तेव्हापासून दादा प्यायलेला नाही. माझ्या घरी जेवलेलाही नाही. भाऊबीजेला येतो, ओवाळून घेतो, पाणीही नको म्हणतो आणि निघतो.

त्याच्या मर्जीवर मी पाय दिला का? तुमचे अनुभव लिहा. सल्ले नकोत, ते नातेवाइकांनी पोतंभर दिलेत.

चिंचगूळ: नवरा जिन्यात पडायचा. अकरा वर्षं मी त्याला ओढून आत आणलं, सकाळी त्याच्या साहेबांना ‘ताप आलाय’ म्हणून फोन केले. अल-अ‍ॅनॉनच्या, म्हणजे दारू पिणाऱ्यांच्या घरच्यांच्या गटाच्या, बैठकीत ऐकलं, दारू तुमच्यामुळे लागली नाही, तुम्हाला ती आवरता येणार नाही आणि बरीही करता येणार नाही. पटायला दोन वर्षं गेली. मग एका रात्री उचललंच नाही. अंगावर चादर टाकली, दार लोटलं, आत बसून रडले. पहाटे दूधवाला त्याला ओलांडून आला. त्या दिवशी साहेबांना फोन त्याने स्वतः केला. दारू सुटली का? नाही.

अडखळे: जरा हलकं लिहितो. मी बोलताना अडखळतो. कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये ‘म... म...’वर गाडी अडली की काउंटरवरचे काका मायेने ‘मेदूवडा!’ म्हणून कूपन फाडायचे. तीन वर्षं मेदूवडे खाल्ले. मला मिसळ हवी असायची.

गच्चीवाला: बाबा ८३. टाकीच्या शिडीवर चढतात म्हणून गच्चीला कुलूप घातलं, तर स्टुलावर चढून माळा आवरायला लागले. कुलूप काढलं. आता शिडी मी धरतो.

रिकामीबाटली: ताई, मी पलीकडच्या बाजूचा. मलाही असंच नेलं होतं. नेल्याचा राग दोन-तीन महिन्यांत गेला, आपण होऊन मी कधीच गेलो नसतो. पण गाडीत बसवताना आई म्हणाली होती, ‘मामाकडे जाऊन येऊ.’ मी मामासाठी पेढे घेतले होते. भरतीच्या टेबलावर पाकीट, पट्टा आणि पेढ्यांचा पुडा काढून घेतला, वहीत नोंद केली. तो पुडा अजून डोळ्यांपुढून हलत नाही. तुम्ही दादांना काय सांगून नेलंत?

धागाकर्ती: जेजुरीला जाऊ म्हणून. तळी भरायला. वर लिहायचं टाळलं होतं.