देवराई तोडणाऱ्या श्रद्धेवर देवराई सोपवायची का?

रानजाई
कालच्या लेखात म्हटले होते की देवराया, म्हणजे देवाच्या नावाने राखलेली राने, केवळ देवाच्या धाकाने टिकल्या, म्हणून कायदे आणि वनखाते बाजूला ठेवून लोकांची श्रद्धा जागवावी. हे वाचून राहवले नाही. सिंधुदुर्गातल्या आमच्या गावात राईतली वाळकी काटकीसुद्धा कोणी घरी नेत नसे. पण मुंबईकरांच्या वर्गणीतून जीर्णोद्धार निघाला, तेव्हा त्याच गावाने झाडे तोडावीत का, असे विचारत देवाला कौल लावला, पाषाणाला चिकटवलेली उजवीकडची पाकळी आधी पडली, म्हणजे देवाचा होकार आला, आणि आठवडाभरात ऐन, किंजळ आणि दोघांच्या कवेत न मावणारी सातवीण आडवी झाली. तिच्या बुंध्यावरून ओघळणारा पांढरा चीक मी पाहिला आहे. गावाची श्रद्धा तेवढीच होती. फक्त ती झाडांवरून सभामंडपाच्या स्लॅबवर गेली.

गावरहाट
एका गावाच्या चुकीसाठी कौलाला दोष देऊ नका. श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावची काळकाईची राई सत्तरच्या दशकात तोडायला काढली होती ती वनखात्यानेच, आणि ती वाचावी म्हणून देवरायांचे अभ्यासक माधव गाडगीळ व वर्तक यांच्याकडे धाव घेतली ती गावकऱ्यांनी. आमच्याकडे तर राई पिढ्यान्‌पिढ्या राखली गावाने आणि सातबाऱ्यावर नाव आहे महाराष्ट्र शासनाचे. ज्याच्या हाती काही उरलेच नाही, त्याला श्रद्धा कमी पडली असे कोणत्या तोंडाने सांगता?

कातळवाट
सातबारा गावाच्या नावे झाला की राई वाचते, हा भ्रम सोडा. आमच्या रत्नागिरीकडच्या राईवर सरकारचे नाव कधीच नव्हते. वारसदारांनी एकमताने ती ठेकेदाराला विकली आणि त्यांत माझे सख्खे काका होते. त्या दिवसापासून मी त्यांच्या घरी पाणी प्यायलेलो नाही.

गावरहाट
आपल्या घरातले भांडण सगळ्या कोकणावर लादू नका! मालकी चार वारसांची आणि मालकी गावाची यांतला फरक आपल्याला कळत नसेल, तर बोलणेच खुंटले. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये राजस्थानातल्या ओरणांबाबत, म्हणजे तिकडच्या देवरायांबाबत, निकाल देताना त्या राखणाऱ्या गावांचा वाटा मान्य केला, तो उगाच नव्हे.

रानजाई
त्याच निकालात ओरणांचे सर्वेक्षण करून त्यांना वनाचा दर्जा द्यायला सांगितले आहे, म्हणजे गावाबरोबर कायदाही लागलाच. गाणीचे उदाहरण मी नाइलाजाने का होईना, मान्य करते. मात्र तिथल्या लोकांना काळकाईइतकीच राईतून वाहणाऱ्या ओढ्याची काळजी होती, हेही तुम्ही मान्य करा. आमच्या देवळामागचा झरा पूर्वी मे महिन्यातही वाहत असे. आता देवळाच्या वार्षिक उत्सवाला टँकर मागवतात आणि त्याची वर्गणी मीही भरते. पुढच्या कौलाला मी स्वतः उभी राहणार आहे आणि पाकळी लावण्याआधी तोडायच्या प्रत्येक झाडाचे नाव देवासमोर मोठ्याने वाचायला लावणार आहे.

गावरहाट
हे पटले. पण उजवा कौल झाला, तर काय कराल?